साळवे सरांचे पाहुणे

परग्रहावरून कोणी आपल्याकडे आलंच, तर ते सगळ्यात आधी पाणी मागेल, असं साळवे सरांचं ठाम मत होतं. आणि ते मुंबई-दिल्लीला न जाता आमच्या गर्भगिरीच्या डोंगरात उतरेल, हे त्याहून ठाम. असं का, विचारलं तर म्हणायचे, "अहो देवकर, परक्या गावाला पहिल्यांदा जाणारा माणूस आडबाजूनंच शिरतो. भर पेठेतून छाती काढून कोण जातो?" मी गणिताचा मास्तर. असल्या प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नसायचं, आणि उत्तर नसलं की मला राग येतो. त्यामुळे पहिलं वर्षभर साळवे सरांचा मला रागच होता.

आमची शाळा तिसगावच्या पुढं, सायकलीच्या टप्प्यातल्या एका गावात होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अजून नांदतं गाव आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्ष-दीड वर्ष आधी मी तिथं रुजू झालो. मला राहायला खोली लगेच मिळाली. साळवे सर माझ्या कितीतरी आधी आलेले, पण त्यांना गावात खोली मिळालेली नव्हती. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, सर शिकले, बी.एड. झाले, तरी "माझी काय हरकत न्हाई मास्तर, पन आई ऐकत न्हाई" म्हणणारे घरमालक होते तिथंच होते. सर शाळेच्या मागं, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत राहायचे. तक्रार म्हणून कधी केली नाही. बाकं बरी असतात, रात्री घोरत नाहीत, एवढंच म्हणायचे.

त्यांच्या खोलीत कोणी गेलं की आधी पितळेचा पेला पुढं यायचा. "आधी पाणी, मग चौकशी," हे त्यांचं ब्रीद. आमचे काही सहकारी तो पेला बघितला की घाईघाईनं म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो." सर पेला परत माठाजवळ ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "एवढं पाणी पिणारं गाव मी दुसरीकडं पाहिलं नाही, देवकर. जो येतो तो आत्ताच पिऊन आलेला." आणि खिशातल्या डबीतले बडीशेपेचे दोन दाणे तोंडात टाकून मुलांचे निबंध तपासायला लागले.

शाळेत ते मराठी आणि इतिहास शिकवायचे. पूर्ण नाव लहानू साळवे. चणही नावाला शोभणारी. अंगात धुऊन धुऊन पिवळा पडलेला नेहरू शर्ट, खाली पायजमा. शाळा सुटली की मागच्या टेकाडावर जाऊन बसायचे. काय बघता, असं मी एकदा विचारलं. "कोणी येतंय का ते," म्हणाले. मी हसलो, तर ते हसले नाहीत.

या माणसानं पोरांसाठी पुस्तक लिहिलंय, हे मला वर्गातल्या पोरांकडूनच कळलं. नगरला त्यांच्या ओळखीचा एक छापखाना होता. लग्नपत्रिका आणि आरत्यांची पुस्तकं यांतून सवड मिळाली की तो सरांचं पुस्तक छापायचा. खरबरीत कागद, निळ्या शाईतलं मुखपृष्ठ, आणि ती शाई वाचणाऱ्याच्या बोटांना लागायची. तिसगावच्या बाजारात कंगवे-आरशांच्या शेजारी ते विकायला असे. कोणाची बोटं निळी आहेत ते बघून पोरं ओळखायची, पुस्तक कोणी वाचलंय ते.

गोष्ट अशी. डोंगरात उपड्या परातीसारखं एक विमान उतरतं. त्यातून पाहुणे बाहेर येतात. 'पाहुणे' हा सरांचा शब्द. दुसरा कुठलाही त्यांना चालत नसे. हे पाहुणे ज्वारीच्या ताटाएवढे उंच, हिरवट रंगाचे, आणि ते अन्न म्हणून ऊन खातात. गावातली तीन पोरं त्यांना लपवून ठेवतात, पाणी देतात, त्यांची भाषा शिकतात. तीन पोरं म्हणजे रघुनाथ, सुदाम आणि यमुना. आणि ही तिघं त्याच नावांनी आमच्या नववीच्या वर्गात बसत होती.

त्या पुस्तकापायी सरांनी एकदा माझं डोकं उठवलं होतं. एखाद्या ताऱ्यावरून इथं यायला किती वेळ लागेल, गणित करून सांगा म्हणाले. मी फळ्यावर मांडून दाखवलं. उत्तर बघून त्यांचा चेहरा पडला. "एवढ्यात माझी पोरं म्हातारी होतील की हो. जरा कमी करा." गणितात कमी-जास्त करता येत नाही, असं मी बजावलं. ते म्हणाले, "मग पाहुण्यांना आधीच निघायला सांगतो," आणि तसंच लिहिलं. ऊन खाऊन जगणारी माणसं आपल्याकडं मात्र खरोखर यायला हवीत, असं मी त्यांना चिडवायचो. आपल्याकडं दुसरं काही नसलं तरी ऊन पोत्यानं आहे. त्या वेळी हा विनोद वाटला. पुढच्या उन्हाळ्यात वाटला नाही.

नावांचं त्यांना वेड होतं. त्यांची हजेरी ऐकत राहावी अशी असायची. गावात जी पोरं गोट्या, बाळ्या, धोंड्या म्हणून हाकारली जायची, त्यांना ते वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर नीट उच्चारून हाक मारायचे. पोरगं "हजर" म्हणायच्या आधी जरा ताठ व्हायचं. हे मला जरा नाटकी वाटे. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. "गाव माझ्या बापाला 'ए' म्हणून हाक मारायचं. नाव ठाऊक असलेलं माणूस म्हणजे माझी आई, आणि ती काही नवऱ्याचं नाव घेणारी नव्हती. मी लहान असतानाच बाप मेला, चुलत्याबरोबर नोंद करायला गेलो, तर नाव सांगायला त्यालासुद्धा आठवावं लागलं. तुम्ही म्हणा नाटकी." मी त्यानंतर तो शब्द वापरला नाही.

म्हणूनच पुस्तकात खरी नावं. नुसती नावंच नाहीत. डोंगर खरा, ओढा खरा, कोणाची विहीर कुठल्या चिंचेखाली तेही खरं. ज्याचं नाव आजवर कुठं छापून आलं नाही, त्यानं ते एकदा तरी छापलेलं बघावं, असं त्यांना मनापासून वाटे. हेडमास्तरांनी एकदा सुचवलं होतं, नावं तेवढी बदला म्हणून. सर म्हणाले, "मग उरलं काय?"

आता यमुनेचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय सर सांगून होत नाहीत. बाजीराव नावाच्या बऱ्यापैकी शेतकऱ्याची ही मुलगी. आमच्या शाळेत मुली होत्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्या वर्गात तोंड उघडत नसत. यमुना उघडायची. माझ्या तासाला गणित चुकलं तर फळ्यावरचंच चुकलं असेल अशा नजरेनं बघायची, आणि एकदोनदा ते खरंही निघालं. गावातली एकही मुलगी तोवर मॅट्रिकला बसलेली नव्हती. ही बसणार, असं सरांनी ठरवलेलं होतं, आणि बापालाही तसं कबूल करून घेतलं होतं. रघुनाथ, सुदाम आणि ती, या तिघांचं वर्गात गूळपीठ होतं. वर्गाबाहेर ती एकमेकांशी बोलत नसत. वर्गाबाहेर बोलायची सोय नव्हती.

शनिवारी शेवटच्या तासाला सर नव्या पुस्तकाचं कच्चं लिखाण वाचून दाखवायचे. एकदा मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. यमुना उभी राहिली.

"सर, पयल्या पुस्तकात मी डोंगराच्या खालीच का थांबले?"

"कोणी येतंय का ते बघायला राखण नको?"

"मग सुदामला ठिवा की. त्याला शेळ्या राखायची सवय हाय. मला वर न्या."

वर्ग हसला. सुदाम म्हणाला, "सर, तिला न्याच. न्हाईतर ती आमालाबी जाऊ द्यायची न्हाई."

"विमानात बसायचं हाय मला," यमुना म्हणाली. "खरं तर कोन बसवनार न्हाई. पुस्तकात तरी बसवा."

सरांनी बडीशेप तोंडात टाकली आणि ते म्हणाले, "बसवतो."

दुसरा भाग छापून आला तेव्हा पाऊस पडायचा तो पडलेला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. या भागात तिघं दिवस मावळल्यावर गुपचूप डोंगर चढतात. पाहुणे तहानेनं व्याकूळ झालेले असतात. सुदाम आपल्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी त्यांना देतो, मग उरलेलं पाणी तिघं त्याच भोपळ्याला तोंड लावून पितात. आणि यमुना विमानात बसते. ती वर जाते, खाली गाव पाहते, विहिरी तिला नाण्यांएवढ्या दिसतात. वर्गात हा भाग वाचला तेव्हा यमुनेनं ओंजळीत तोंड लपवलं होतं, आणि बोटांच्या फटीतून ती हसत होती. मी त्या पोरीला इतक्या आनंदात पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

पुस्तक पोरांकडून घरात गेलं, घरातून पारावर गेलं. शेतात काम नव्हतं, माणसं दिवसभर पारावर बसून असायची. कोणीतरी मोठ्यानं वाचायला घेतलं. पुस्तकातला डोंगर समोर दिसत होता, ओढा ओळखीचा, विहीर ओळखीची, पोरं ओळखीची. छापून आलेलं खोटं असेल, ही गोष्ट त्या माणसांच्या मनात सहजासहजी येणारी नव्हती. आजवर त्यांनी छापलेलं पाहिलं होतं ते पोथीत, सातबाऱ्यावर आणि कोर्टाच्या समन्सात. एवढं मात्र खरं की आभाळातून पाहुणे आले, यावर कोणाचा विश्वास बसला नाही. तेवढं मास्तरानं पदरचं घातलं, असं ठरलं. गावानं गोष्टीतलं विमान गाळलं आणि दिवस मावळल्यावर दोन पोरांबरोबर डोंगरात गेलेली मुलगी ठेवली. त्या दोघांतला एक सुदाम होता, आणि तो सरांच्याच समाजातला. भोपळ्यातल्या पाण्याबद्दल पारावर कोणी चकार शब्द काढला नाही. काढायची गरज नव्हती.

पहिल्यांदा रघुनाथच्या बापानं रघुनाथला झोडपलं. मग सुदामनं शाळेला यायचा रस्ता बदलला, आणि थोड्या दिवसांनी तो शाळेलाच यायचा बंद होऊन दुष्काळी कामावर गेला. आणि एका सोमवारी हजेरीत यमुनेच्या नावाला "हजर" आलं नाही. सरांनी ते नाव दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा. एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "तिला काढली सर."

बाजीराव त्याच आठवड्यात सरांच्या खोलीवर आला. मी तिथंच बसलो होतो. सरांनी पेला पुढं केला. बाजीरावानं तो घेतला, दोन्ही हातांत धरून बसला, प्याला नाही. माणूस भांडखोर नव्हता. भांडला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, मी वरडायला न्हाई आलो," तो म्हणाला. "तुमी लिवलंय ते समदं खोटं हाय, मला ठावं हाय. माझी पोर दिस मावळला की उंबऱ्याभाईर जात न्हाई. पन खोटं हाय हे मी कुनाकुनाला सांगत फिरू?"

"बाजीरावभाऊ, ती पोरांची गोष्ट आहे."

"व्हय. पन डोंगर खरा, माझी हीर खरी, रघू खरा. मंग एकटी माझी पोरच तेवढी खोटी कशी, असं लोक इचारत्यात." त्यानं हातातला पेला फिरवला. "शेवगावकडं एक सोयरीक बोलून ठिवली हुती. ती मॅट्रिक हुईस्तवर ते थांबनार हुते. तुमच्यासाठीच घातली हुती ती अट. परवा त्यांनी मानूस धाडला. निरोप न्हाई, काय न्हाई. नुसतं तुमचं पुस्तक हातात दिलं अन् गेला."

सर उभे होते ते बाकावर बसले. म्हणाले, "तिला शाळेतून काढू नका. मी तिचं नाव काढतो. बाजारातली, पोरांजवळची, छापखान्यातली, एकूण एक पुस्तकं गोळा करतो. एकाही पानावर तिचं नाव ठेवत नाही. मग तर झालं?"

"काढा," बाजीराव म्हणाला. "तुमी काढा. मग बघू."

त्यानं पेला न पिताच जमिनीवर ठेवला आणि गेला.

'मग बघू' या दोन शब्दांना साळवे सर लोंबकळले. आमच्याकडं 'मग बघू' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सरांनाही कळत असणार. पण सोडायला तयार नव्हते. सायकल काढून ते गावोगाव हिंडले. तिसगावचा बाजार, आसपासच्या शाळा, जिथं जिथं पुस्तक गेलं तिथं तिथं गेले. पोरं पुस्तक द्यायला तयार नसत. एका पोरानं तर घोंगडीत दडवून ठेवलेलं, ते त्याच्या आजीनं काढून दिलं. छापखान्यातून त्यांनी बारीक पट्ट्या छापून आणल्या. यमुनेच्या जागी त्यांनी यशवंत नावाचा मुलगा घातला होता. मुलगीच नको, म्हणजे पुन्हा कोणत्या बापाला त्रास नको.

बाकांच्या खोलीत बसून ते पट्ट्या चिकटवत राहिले. खळ करायला गव्हाची कणीक कुठली आणणार? रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, तिच्या पिठाची खळ शिजवली. मीही मदतीला बसायचो. आता सगळी वाक्यं वेडीवाकडी होत होती. यशवंत डोंगर चढून गेली, यशवंत विमानात बसली. मी ते दाखवलं. एरवी सर प्रत्येक गोष्टीला उत्तर देणारे. "राहू द्या," म्हणाले. जिथं जिथं ते नाव दिसेल तिथं ते अंगठ्यानं पट्टी दाबून धरायचे, सुकेपर्यंत. मला त्या माणसाची दया आली, आणि रागही आला, कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

सगळी पुस्तकं झाली त्या दिवशी त्यांनी ती पिशवीत भरली आणि बाजीरावाच्या घरी निघाले. मी बरोबर होतो. दारात मांडवाच्या चार मेढी रोवलेल्या होत्या, त्यांवर आंब्याचा टहाळा नव्हता. त्या साली झाडांवर टहाळा काढण्याजोगा पाला नव्हता. लग्न आदल्या दिवशीच होऊन गेलं होतं. मुलगा शेवगावचा नव्हे, दुसराच कोणी; थोराड, शेती जिरायत, घरात खाणारी तोंडं ढीगभर. बाजीराव बाहेर आला.

"काढलं का नाव?" त्यानं विचारलं.

"काढलं."

"बरं केलं. पुस्तकातनं निघालं मास्तर, लोकांच्या तोंडातनं कसं काढनार?" तो सरांच्या पिशवीकडं बघत राहिला. "दुष्काळात एक बरं असतं. मानपान कोन बघत न्हाई. पोर उजवली."

आम्ही निघालो. वाटेत मी उगाच पावसाचं काहीतरी बोललो.

तिसरा भाग सरांनी लिहिला नाही. पोरं विचारायची, पाहुणे परत कधी येणार? सर म्हणायचे, "त्यांना वाट सापडत नसेल." हजेरी मात्र तशीच घ्यायचे, पूर्ण नावांनी, अर्ध्या रिकाम्या वर्गापुढं. बाकीची पोरं खडी फोडायला गेलेली होती. यमुनेचं नाव पटावरून कमी झालं होतं तरी एकदोनदा ते त्यांच्या तोंडून गेलं. वर्गात कोणी हसलं नाही. पुढं त्यांची राहुरीच्या बाजूला बदली झाली आणि आमची गाठ तुटली. तिथं काय झालं, त्यांनी पुन्हा काही लिहिलं का, मला माहीत नाही. मला सर आठवतात ते त्याआधीच्या उन्हाळ्यातले, खडीच्या ढिगावरचे.

यमुना सासरच्या माणसांबरोबर एका रस्त्याच्या दुष्काळी कामावर आहे, असं त्यांना सुदामकडून कळलं. सुदामही तिथंच होता, दुसऱ्या टोळीत. सरांनी मला सायकल काढायला लावली. हँडलला त्यांनी पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागल अडकवली, पिशवीत एक पुस्तक घेतलं. तिला दाखवायचं होतं. "बिचारी सासरीसुद्धा धास्तावलेली असेल," वाटेत म्हणाले. "कोणाच्या हाती पुस्तक लागलं तर? तिला सांगतो, आता भीती नाही."

भर दुपार होती. रस्त्याच्या कडेनं बायका रांगेनं बसून दगड फोडत होत्या. सगळ्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला तर यमुना ओळखू आली नाही. तिनंच सरांना पाहिलं आणि उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मग भानावर येऊन तिनं कपाळावर पदर ओढला.

"कशी आहेस?" सरांनी विचारलं.

"बरी हाय, सर."

सरांनी पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "हे बघ यमुना. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुझं नाव कुठंही ठेवलेलं नाही. सगळ्या प्रतींतून काढलंय. आता तुला कोणी काही बोलू शकणार नाही."

तिनं हात लुगड्याला पुसले. पुस्तक उघडलं. तिची स्वतःची प्रत बापानं चुलीत घातली होती, तेव्हा कितीतरी दिवसांनी ती ते वाचत असणार. विमानात बसायचं पान तिनं बरोबर काढलं. ओठ हलवत थोडं वाचलं, पट्टीवरून बोट फिरवलं.

"ह्यो यशवंत कोन?"

"तूच," सर म्हणाले. "म्हणजे, तुझ्या जागी."

ती पानाकडं बघत राहिली. आमच्याकडं मुलीचं सासरी नाव बदलायची चाल आहे. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर बोटानं नवं नाव काढतो. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. आमच्या दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

"सर, सासरी माझं नाव सुमन ठिवलं," ती म्हणाली. "तांदूळ नव्हते, तर मिलोवर लिवलं. आता यमुना म्हनून कोनच हाक मारत न्हाई. माहेरनं आप्पा आला हुता, त्योबी सुमनच म्हनला, सासूला बरं वाटावं म्हनून. मला वाटायचं, आसू दे. एका जागी तरी हाय मी. पुस्तकात हाय, वर विमानात बसल्याली."

सर पिशवीचा बंद बोटांभोवती गुंडाळत राहिले.

"आप्पानं शाळेतनं काढलं, तुमी पुस्तकातनं काढलं," ती म्हणाली. "मंग आता मी कुठं ऱ्हायले, सर?"

रागानं म्हणाली नाही. शनिवारच्या तासाला शंका विचारायची त्याच आवाजात विचारलं, आणि उत्तराची वाटही बघितली. तेवढ्यात रांगेतून तिच्या सासूची हाक आली, "ये सुमे! पाहुनचार झाला का न्हाई अजून?" तिनं पुस्तक मिटून सरांच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला आणि रांगेत जाऊन बसली. हातोडी उचलून तिनं दगडावर घातली.

सर तिथंच ढिगावर बसले. मला वाटलं, ऊन लागलं. त्यांनी सायकलीची छागल मागितली, ती मी दिली. प्याले नाहीत, बोटं ओली केली आणि पानावरच्या पट्टीवर चोळायला लागले. पट्टी भिजली, तिची कड सुटली, त्यांनी नखानं हळूच ओढली. पट्टी निघाली, पण खालचा कागद तिच्याबरोबर निघून आला. त्या जागी पानाला भोक पडलं. सरांनी पुढची पट्टी घेतली. तीही तशीच.

शेजारच्या रांगेतली एक म्हातारी हात थांबवून बघत होती. टँकर दोन दिवस आलेला नव्हता. "मास्तर," ती म्हणाली, "हितं मानसाच्या नरड्याला पानी न्हाई, अन् तुमी कागदाला पाजताय व्हय?"

सरांनी ऐकलं नाही. पान उलटलं. पुन्हा बोटं ओली केली.

मी म्हणालो, "सर, चला आता."

"तुम्ही व्हा पुढं, देवकर," वर न बघता ते म्हणाले. "एखादं तरी धड निघेल."

मी थोडा वेळ थांबलो. मग मुकादम आमच्याकडं यायला लागला, तशी मी सायकल काढली. वळणावर पोचल्यावर मागं पाहिलं. सर ढिगावर तसेच वाकून बसले होते आणि उघड्या पानावर छागल उपडी धरून झटकत होते. तिच्यात पाणी राहिलेलं नसावं. त्यांच्या पलीकडं बायका दगड फोडत होत्या, सगळ्यांचे पदर कपाळावर ओढलेले. त्यांतली यमुना कुठली, ते मला तिथून ओळखता आलं नाही.